आकाशवाणी, मुंबई केंद्र

मुंबई महानगर व लगतच्या जिल्ह्यांसाठी मध्यम लहरींवरून (मीडियम वेव्ह) कार्यक्रम देणारे नभोवाणी केंद्र. त्याची मराठी सेवा पूर्वी ‘मुंबई ब’ म्हणून व पुढे ‘अस्मिता वाहिनी’ म्हणून ओळखली गेली.

केंद्राचा आरंभ सामान्यतः २३ जुलै १९२७ पासून धरतात. त्या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. काही अभ्यासक मात्र आरंभ आणखी मागे नेतात. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने डाक-तार खात्याच्या साह्याने मुंबईहून संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनेही प्रक्षेपण केले. परंतु पहिला प्रसंग एकाच कार्यक्रमापुरता होता आणि दुसरा हौशी मंडळींचा. रोज ठरल्या वेळी चालणारी सेवा ही कसोटी लावल्यास १९२७ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. कंपनी १९३० मध्ये बुडाली. सरकारने केंद्र ताब्यात घेतले, म्हणून परंपरा तुटली असे म्हणता येत नाही. ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. ‘आकाशवाणी’ हा शब्द म्हैसूरच्या केंद्राने १९३५ च्या सुमारास वापरला होता. देशभर तो १९५६–५७ च्या सुमारास रूढ झाला.

अस्मिता वाहिनीची कंप्रता ५५८ किलोहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ५३७ मी. केंद्राची दुसरी सेवा ‘मुंबई अ’ १०४४ वर, तर विविध भारती ११८८ किलोहर्ट्‌झवर. हे तिन्ही आकडे नऊने भागले जातात. कंप्रतांच्या वाटपाविषयीच्या १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार मध्यम लहरींवरील केंद्रांत ९ किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवले जाते. प्रक्षेपक मालाडला आहेत. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत पसरतात, आणि खारट, ओली जमीन त्यांना चांगली वाहून नेते. त्यामुळे खाडीकाठची जागा अशा प्रक्षेपकास सोयीची. सूर्यास्तानंतर आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित भागातील) शोषक थर विरळ होतो, लहरी वरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. पण परक्या केंद्रांचा गोंगाटही त्याच वाटेने येतो. लोकलच्या विजेच्या तारांजवळ खरखर वाढते.

‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘भावसरगम’ हे कार्यक्रम घरोघरी परिचित आहेत. गिरणगावच्या चाळींत ‘कामगार सभा’ आवर्जून ऐकली जाई. यशवंत देव, मंगेश पाडगावकर यांसारखे कलावंत येथे सेवेत होते. ‘गीतरामायण’ पुष्कळदा या केंद्राच्या नावावर सांगितले जाते. ते १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून सुरू झाले.