वाईची देवळं पेशव्यांनी बांधली?

'वाईचे सगळे घाट आणि देवळं पेशव्यांनी बांधली,' असा मजकूर कृष्णेच्या फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतो. काळ बरोबर आहे. नाव मात्र चुकतं, आणि ज्यांनी खर्च केला ते घराणंच त्यात हरवतं.

ढोल्या गणपतीचंच बघा. हे देऊळ १७६२ साली सरदार रास्ते घराण्याने बांधलं. काशीविश्वेश्वराचं देऊळही त्यांचंच. रास्ते मूळचे गोखले. पेशव्यांची एक सून त्यांच्या घरची, त्यामुळे दोन्ही नावं लोकांच्या बोलण्यात एकत्र येणं अगदी साहजिक आहे. पण सोयरीक वेगळी आणि बांधणारा हात वेगळा. जवळच्या मेणवलीचा वाडा आणि घाट तर फडणीस घराण्याचा. तेही पेशवाईतले कारभारी, पेशवे नव्हेत.

पडताळायचं असेल तर साताऱ्याचं जुनं जिल्हा गॅझेटियर उघडा. त्यात वाईच्या देवळांपुढे बांधणाऱ्याचं नाव आणि साल दिलेलं आहे. आता ते ऑनलाइनही वाचता येतं. मग वाईला जाऊन ढोल्या गणपतीच्या मागे उभे राहा. तिथली भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ती तशी बांधली. नदीचा स्वभाव ओळखून केलेलं हे काम आहे. पुढच्या वेळी फोटो पाठवताना खाली रास्त्यांचं नाव जरूर लिहा.