ज्येष्ठ चालकांची उजळणी: व्याख्यानापासून स्टिअरिंगपर्यंत

पंचावन्नीपुढच्या चालकांसाठी अमेरिकेत १९७९ मध्ये आठ तासांचा उजळणी वर्ग सुरू झाला. शिकवणारे स्वयंसेवक होते. पुढे अनेक राज्यांत वर्ग पूर्ण करणाऱ्यांना विमा हप्त्यात सवलत मिळू लागली. जपानने १९९८ मध्ये ७५ वर्षांपुढच्यांना परवाना नूतनीकरणाआधी असा वर्ग सक्तीचा केला आणि त्याच वर्षी परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोयही दिली.

या सगळ्यामागे एक आलेख होता. प्रति किलोमीटर अपघात मोजले की सत्तरीनंतर रेघ वर चढते, आणि त्यावरून ‘ज्येष्ठ चालक धोकादायक’ हे वाक्य रूढ झाले. ते अर्धेच खरे आहे. वर्षाला कमी गाडी चालवणाऱ्यांचे बहुतेक किलोमीटर गावातल्या चौकांत खर्च होतात. भरपूर चालवणाऱ्यांचे महामार्गावर, जिथे समोरून वाहन आडवे येतच नाही. त्यामुळे कमी चालवणारा कोणत्याही वयाचा असो, त्याचा प्रति किलोमीटर दर फुगतो. नेदरलँड्समधल्या आकडेवारीवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाला ३,००० किलोमीटरपेक्षा जास्त चालवणारे ज्येष्ठ इतर वयोगटांइतकेच किंवा त्याहून सुरक्षित ठरले. यावर २००८ मध्ये रास्त आक्षेप आला: किलोमीटर लोकांनी अंदाजाने सांगितलेले असतात, आणि कमी चालवणारे प्रत्यक्षापेक्षाही कमी सांगतात. म्हणजे फुगवटा आहे, पण किती यावर वाद आहे. मृत्यूंच्या आकड्यात आणखी एक गुंता असतो. त्याच धडकेत तरुणाची बरगडी मोडते, ऐंशीच्या माणसाचा जीव जातो. ही शरीराची नाजूकता चुकीच्या चालवण्याच्या खात्यात जमा होत राहिली.

सक्तीच्या तपासणीचा हिशेबही जमला नाही. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ मध्ये दोन्ही देशांची तुलना झाली तेव्हा ज्येष्ठांच्या मोटार अपघातांत फायदा दिसला नाही, उलट फिनलंडमध्ये पायी चालणारे ज्येष्ठ जास्त दगावत होते. गाडी सुटली की माणूस पायी रस्ता ओलांडू लागतो, आणि तिथे त्याला पत्र्याचे कवच नसते.

मग शिक्षणाने काय साधले? नुसत्या व्याख्यानाने ज्ञान वाढते, अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळत नाही. दृष्टी कमी झालेल्या चालकांना एकेकटे बसवून समजावले तेव्हा त्यांनी रात्रीचे आणि अवघड वळणांचे प्रवास टाळले, तरी अपघातांचा दर तसाच राहिला. हा निष्कर्ष २००४ चा. २००७ मध्ये चार-चार तासांचे दोन वर्ग आणि प्रत्यक्ष रस्त्यावर एकेक तासाची दोन सत्रे जोडून पाहिली, तेव्हा ज्ञान आणि चालवणे दोन्ही सुधारले. शेजारी बसलेला प्रशिक्षक चूक घडते त्याच चौकात दाखवतो, हा मोठा फरक आहे. समोरच्या वाहनांची रांग कापून वळताना वेगाचा अंदाज चुकतो. आरशात पाहिले तरी मान वळत नाही म्हणून बाजूचे वाहन निसटते. या चुका फळ्यावर दिसत नाहीत.

याच दशकात गाडी माणसाला बेतून देण्याची शिबिरे आली. साधारण वीस मिनिटांची तपासणी. छातीचे मधले हाड स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे एअरबॅग फुटताना इजा कमी. नजरेची रेषा स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर तरी वर. वय वाढते तशी उंची घटते, पण सीट वर्षानुवर्षे त्याच खाचेत राहते. मग हनुवटी उचलून पाहावे लागते. सीटबेल्टचा वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जावा, खालचा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून. टाच जमिनीवर टेकवून पाय ब्रेकवर पूर्ण दाबता आला पाहिजे. चवड्यावर ताणून दाबणाऱ्याचा पाय घाईत ॲक्सिलरेटरवर पडू शकतो. उंचीसाठी मऊ उशी घेणारे बरेच असतात. ती दबते, सरकते आणि ब्रेक मारताना माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. सीट वर होत असेल तर तीच वर करावी, नाहीतर न सरकणारी घट्ट गादी घ्यावी. सीट हलवली की तिन्ही आरसे पुन्हा लावावे लागतात.