१९ डिसेंबर हा गोवा राज्याचा वाढदिवस नव्हे

दर डिसेंबरात मोबाईलवर ‘आजचा दिनविशेष’ येतो: ‘१९६१ : गोवा राज्य झालं.’ गेल्या वर्षी फोंड्यातल्या एका शाळेच्या फळ्यावरही रंगीत खडूने तेच लिहिलेलं पाहिलं आणि जीव कळवळला.

त्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले, गोवा मुक्त झाला. पण पुढे दमण-दीवसह तो केंद्रशासित प्रदेश झाला. १९६७च्या जनमत कौलातही महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासितच राहायचं, एवढंच विचारलं होतं; वेगळ्या राज्याचा पर्यायच नव्हता! घटक राज्य झालं ते ३० मे १९८७ला, देशातलं २५वं.

त्याच दिनविशेषातला प्रतिभाताई पाटील यांचा जन्म (१९३४), बिस्मिल आणि अश्फाकउल्ला यांची फाशी (१९२७) मात्र बरोबर. फक्त ‘राज्य’ खोडून ‘मुक्त’ लिहा.