जामीन कोण? परदेशी निघालेल्या संशोधकांच्या परवान्याची पार्श्वभूमी

बडोद्याहून कोणी संशोधनासाठी जर्मनीला किंवा फ्रान्सला निघालं की हल्ली घरात पासपोर्टपेक्षा दुसऱ्याच एका कागदाची वाट पाहिली जाते. दांडिया बाजारातल्या आजींनाही त्याचं नाव पाठ झालेलं असतं: होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट. हा माणूस आमच्याकडे अमुक प्रकल्पावर काम करणार, असं तिकडची संस्था लिहून देते. त्यावर व्हिसा मिळतो, आणि पोचल्यावर राहण्याचा परवाना. कागद नवा आहे. परमुलखात या माणसाचा जामीन कोण, हा प्रश्न मात्र या शहराने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

जून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, मंजूर केले. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी. खर्च पाठवणाऱ्याचा आणि हक्कही पाठवणाऱ्याचाच. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले आणि १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्यात आले. इथे जातीमुळे त्यांना कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही बाहेर काढलं गेलं. राहण्याचा परवाना नाकारला तो आपल्याच गावाने, हे बडोदेकरांनी विसरू नये.

त्याच १९१७ साली अमेरिकेने कायदा करून भारतासह आशियाचा मोठा पट्टा स्थलांतरितांना बंद केला. पण अपवादांच्या यादीत विद्यार्थी होते, शिक्षक होते आणि चक्क रसायनशास्त्रज्ञही होते. शास्त्रज्ञासाठी बाजूचं दार उघडं ठेवायची युक्ती इतकी जुनी. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा मिळाला. देशवार कोटे रद्द करणारा कायदा आला १९६५ मध्ये. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेले व्यंकटरामन रामकृष्णन ओहायोला गेले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा ते इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये होते.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसात, म्हणजे संशोधक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसात, मात्र बडोद्याच्या कराराची आठवण यावी अशी एक अट राहिली. सरकारी पैशावर आलेल्यांनी, किंवा ज्यांचा विषय त्यांच्या देशापुरत्या ठरवलेल्या यादीत आहे त्यांनी, अमेरिकेत कायमचं राहायला मागण्याआधी दोन वर्षं मायदेशी राहायचं. फरक एवढाच की परत जा, हे इथे यजमान सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्या विषयांच्या यादीतून भारत वगळला गेला.

युरोपचं गणित वेगळं. फ्रान्सने १९९८ मध्ये शास्त्रज्ञांसाठी स्वतंत्र परवाना काढला. २००२ मध्ये युरोपीय नेत्यांनी बार्सिलोनात ठरवलं की २०१० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाचे (जीडीपी) ३ टक्के संशोधनावर खर्च करायचे. त्यासाठी ७ लाख संशोधक लागतील असा अंदाज निघाला. एवढी माणसं घरात नव्हती. म्हणून ऑक्टोबर २००५ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला आणि तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना दोन वर्षं दिली. त्या कायद्याच्या भाषेत आपण, म्हणजे युरोपीय संघाबाहेरचे, 'तिसऱ्या देशाचे नागरिक'. (दुसरा देश कोणता, हे विचारायचं नाही.)

त्यातली खरी मेख अशी: सरकार आधी संशोधन संस्थेला मान्यता देतं, मग संस्था माणूस निवडते. त्याचं संशोधन कसं आहे, हे परवाना देणाऱ्या कारकुनाने तपासायचं नाही, आणि कामाचा वेगळा परवानाही लागत नाही. उलट, करार संपल्यावर संशोधक बेकायदा तिथेच राहिला, तर त्याच्या राहण्याचा आणि परत पाठवण्याचा सरकारी खर्च संस्थेकडून वसूल करायची मुभा देशांना होती. ही जबाबदारी करार संपल्यापासून जास्तीत जास्त सहा महिने. जामीन तो हाच, फक्त आता बोलावणारा.

२०१६ मध्ये हा निर्देश विद्यार्थ्यांच्या निर्देशाशी जोडून नव्याने लिहिला गेला आणि मे २०१८ पर्यंत लागू करायचा होता. संशोधन संपल्यावर नोकरी शोधायला किंवा धंदा सुरू करायला किमान नऊ महिने थांबता येतं. दुसऱ्या सदस्य देशातल्या प्रयोगशाळेत ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत काम करता येतं. नवरा-बायको, मुलंही सोबत नेता येतात. डेन्मार्क आणि आयर्लंड मात्र या निर्देशाबाहेर आहेत. तेव्हा कोपनहेगनला निघालेल्याने म्युनिकवाल्या मित्राची फाइल बघून कागद जमवू नयेत.