शेंदराचा घोळ : किनाऱ्यावरच्या शिशाची पार्श्वभूमी

पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, घेराला शिशाच्या गोळ्या का लावतात, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवर सहज. वितळवताना वर राखाडी मळी येते, कडा तासताना पूड उडते, ती हाताला लागते आणि हातावरून घासात जाते. कल्हईचेही तेच. लावायचे असते कथील. पण शिसे दिसायला तसेच आणि स्वस्त, म्हणून भेसळीला सोयीचे. अशा भांड्यात कोकम-चिंचेचे आंबट शिजले, की शिसे उतरलेच.

सगळ्यात मोठा घोळ ‘शेंदूर’ या शब्दाचा. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे नारिंगी ऑक्साइड. तेलात कालवून तो मारुतीला चढतो, गणपतीला चढतो, रानातल्या पाषाणालाही. हीच पूड रंगाच्या दुकानात ‘रेड लेड’ झाली आणि गंज धरू नये म्हणून लोखंडी बोटींना पहिला हात तिचाच बसू लागला. त्याच फळीवरचे ‘रेड ऑक्साइड’ मात्र लोखंडाचे. त्याचा शिशाशी संबंध नाही. वैद्यांचा रससिंदूर आणखी वेगळा, पारा आणि गंधकाचा. आज पुडीत शेंदूर म्हणून मिळते ते कधी नुसता रंगही असतो, आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. विड्यातून शेंदूर घालून गवयाचा गळा घालवल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. म्हणजे हे विष आहे हे माहीत होते! तरी पोट दुखते, रक्त कमी आहे, मनगट लुळे पडते असे सांगत माणूस आला, तर ‘रंगकाम करता का?’ एवढेच विचारले जाते. शेंदराचे कोणी विचारत नाही, जाळ्याचे तर नाहीच.

शिशाच्या विषबाधेवरच्या उपचारांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये शोधलेले औषध पुढे शिशावरही वापरले गेले. १९५०च्या दशकात शिसे पकडून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या ईडीटीए या औषधाची इंजेक्शने आली. १९९१ मध्ये मुलांना तोंडाने देता येईल असे सक्सिमर अमेरिकेत मंजूर झाले, तेही रक्तात डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसे असेल तर. २० ते ४४ मध्ये ते द्यावे का, यावर वाद होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाने पातळी उतरली, पण मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता. शिवाय शिसे हाडांत साठते. औषध थांबले की तिथून ते पुन्हा रक्तात येते. त्यात घरातला स्रोत तसाच असेल, तर औषध कुठवर पुरणार?

किती शिसे चालवून घ्यायचे, त्या पातळ्याही खाली येत गेल्या. अमेरिकेत १९६०च्या दशकात मुलांच्या रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालत असे. १९९१ मध्ये १० झाले, २०२१ मध्ये ३.५.

आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आले, २००० साली देशभर. रंगांतल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ती फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. बोटीसाठी आणलेला औद्योगिक रंग उरला आणि पडवीच्या दाराला मारला, तर तो या नियमात कुठेच बसत नाही.