साइटवर जाण्याचा वेळ ड्यूटीत धरायचा का? पार्श्वभूमी

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात हिशोब सोपा असतो. गेटवर पंच झालं की पाळी सुरू. कंपनीची बस घोडबंदर रोडला तासभर अडकली तरी तो तास कामगाराचा स्वतःचा गेला, ड्यूटीत धरला जात नाही. कायदाही कारखान्याचं गेट डोळ्यांसमोर ठेवूनच घडला. १९२२ साली आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना ५४, १९४६ मध्ये ४८. १९४८च्या कारखाने अधिनियमाने दिवसाचे ९ तास आणि सुट्टीसकट साडेदहा तासांचा स्प्रेडओव्हर (पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण काळ) ठरवला, पण 'कामाचे तास' याची व्याख्या दिली नाही. ती २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होती: कामगार मालकाच्या दिमतीला असलेला वेळ.

प्रवासावरून कोर्टात गाजलेली भांडणं पगाराची नव्हती, अपघाताच्या भरपाईची होती. १९५८ साली सौराष्ट्रातल्या मिठागर कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. खाडी ओलांडताना होडी बुडून ते मेले होते. होडी मालकाची नव्हती, वाट सार्वजनिक होती, म्हणून भरपाई नाकारली गेली. १९६३ मध्ये उलट निकाल आला. जोगेश्वरी डेपोत ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या ड्रायव्हरचा मृत्यू नोकरीच्या ओघातला मानला गेला, कारण ती प्रवासाची सोय सेवेच्या गरजेतून दिलेली होती. १९९६ मध्ये मात्र कारखान्यापासून एक किलोमीटरवर झालेल्या अपघाताला ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) संरक्षण मिळालं नाही. शेवटी २०१० साली ईएसआय कायद्यात कलम ५१-ई घातलं गेलं: घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, वेळ-जागा-परिस्थितीचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, नोकरीतलाच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ १९२३च्या भरपाई कायद्यालाही लावला.

इथेच गल्लत होते. ५१-ईचा आधार घेऊन ओव्हरटाइम मागणारे अर्ज टिकत नसत. २०२५पर्यंत लागू असलेलं ते कलम इजेपुरतं होतं, मजुरीच्या तासांबद्दल ते काहीच बोलत नव्हतं.

लिफ्ट, एसी, सीसीटीव्ही, फायर पंप सांभाळणाऱ्या मंडळींना तर गेटच नसतं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१५ मध्ये ठरलेलं ऑफिस नसलेल्या तंत्रज्ञांचा घर ते पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक ते घर हा प्रवास कामाचा वेळ मानला. अमेरिकेने त्याच्या बरोबर उलट, १९४७ सालीच कायदा करून घर-काम-घर प्रवास मजुरीतून वगळला होता. दोन्ही आपल्याला बंधनकारक नाहीत. आपल्याकडे घरून थेट पहिल्या साइटवर जाण्याचा वेळ धरून घेणं कठीण. हजेरी लागल्यानंतर हुकमाने झालेला प्रवास मात्र सोडू नये.

समजा मेकॅनिक साडेआठला महापेच्या स्टोअरला आला, पार्ट घेतले, दहाला कासारवडवलीच्या साइटवर पोहोचला, सातला सुटला. जेवणाचा अर्धा तास वजा जाता काम १० तास. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२५पर्यंतच्या ९ तासांच्या मर्यादेने एक तास दुप्पट दराचा ठरत होता. हजेरीचं ॲप साइटच्या जिओफेन्समध्येच (मोबाइलच्या लोकेशनवरून आखलेल्या हद्दीतच) चालू होत असेल तर नोंद साडेआठ तासांची होते आणि ओव्हरटाइम शून्य! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांसाठी रोजची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली, त्यामुळे इथून पुढे आठवड्याच्या ४८ तासांची बेरीज जास्त बारकाईने पाहावी लागेल.

दुसरी पळवाट कन्व्हेयन्सची, म्हणजे प्रवासखर्चाची. 'पेट्रोलचे पैसे दिले ना' हे उत्तर किलोमीटरला लागू पडतं, तासांना नाही. म्हणून स्टोअरच्या इश्यू चलनावर (पार्ट दिल्याच्या पावतीवर) वेळ घालून घ्यावी, कॉल नेमून देणारा मेसेज पुसू नये, आणि एका साइटवरून दुसरीकडे निघताना सर्व्हिस रिपोर्टवर सुटल्याची वेळ ग्राहकाच्या सहीसकट टाकावी.