न्यूरोबोरेलिओसिसचे निदान

गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरलेले बोरेलिया जिवाणू मज्जासंस्थेपर्यंत पोहोचले की न्यूरोबोरेलिओसिस होतो. याच जिवाणूंमुळे होणाऱ्या लाइम रोगावर उपचार झाले नाहीत, तर सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत तो दिसतो. चेहऱ्याचा लकवा हे त्याचे ओळखीचे रूप; दोन्ही बाजूंना लकवा आला, तर ही शंका आधी घ्यावी.

चकवणारे रूप म्हणजे मज्जातंतूंच्या मुळांचा दाह. पाठीत किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी जळजळ होते, रात्री ती वाढते आणि साध्या वेदनाशामकांना दाद देत नाही. मणक्याची चकती सरकली असेल किंवा पुरळ न उठलेली नागीण असेल, असे समजून आठवडे निघून जातात. फ्रान्समध्ये गारँ आणि बुजादू यांनी १९२२ मध्येच गोचिडीनंतरच्या अशा दुखण्याची नोंद केली होती. जिवाणूचा शोध मात्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे रूप युरोपात अधिक आढळते, कारण तिथली बोरेलिया गारिनी ही जात मज्जासंस्थेकडे जास्त वळते. मुलांमध्ये कधी डोकेदुखी आणि डोळ्याच्या मज्जातंतूच्या टोकाशी सूज दिसते आणि मेंदूत गाठ असावी असे वाटते. मज्जारज्जूचा दाह किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहातून पक्षाघात क्वचितच होतो.

एकट्या रक्ततपासणीवर विसंबणे धोक्याचे. पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे अनेकदा सापडत नाहीत, आणि एकदा तयार झाली की वर्षानुवर्षे टिकू शकतात. म्हणून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी कमरेतून काढून तपासतात. त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी आणि प्रथिने वाढलेली असतात. प्रतिपिंडे रक्तातून झिरपली की मज्जासंस्थेतच तयार झाली, हे ठरवण्यासाठी त्याच वेळी घेतलेल्या रक्ताशी त्यांचे प्रमाण ताडून पाहतात. सीएक्ससीएल१३ हे प्रथिन याही आधी वाढते, पण मेंदूतील सिफिलिस आणि लिम्फोमा या कर्करोगातही ते वाढलेले असते. पाण्याची पीसीआर चाचणी नकारात्मक आली, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाची लाइम चाचणी करू नये, असे अमेरिकेतील २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यात हेळसांड नाही: जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे सापडली की खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष होते.

डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन साधारण दोन ते तीन आठवडे देतात. त्यानंतरही प्रतिपिंडे राहू शकतात. आजार हटतो आहे का, हे लक्षणांवरून आणि गरज पडल्यास पाण्यातील पेशी कमी झाल्यावरून ओळखतात.